इंग्लंडमधील केअर होमचे शुल्क आणि पुण्यातला फ्लॅट

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

साठ-सत्तरच्या दशकांत इंग्लंडला आलेले मराठी डॉक्टर, परिचारिका, अभियंते, कारखान्यांतले कामगार आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत. स्मृतिभ्रंश, पक्षाघात किंवा मोडलेला खुबा अशा कारणांनी त्यांच्यातल्या काहींना घरी राहणे जमेनासे होते आणि स्थानिक काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेच्या, मदतीने केअर होम, म्हणजे शुश्रूषा मिळणारे निवासस्थान, शोधावे लागते. मग पैशांचा प्रश्न येतो आणि फोन जातो तो पुण्याला, साताऱ्याला, रत्नागिरीला. कारण मालमत्तेचा एक हिस्सा तिकडे असतो, कागदपत्रे भावाच्या कपाटात असतात आणि सल्ला देणारेही तिकडेच असतात. त्या सल्ल्यातले बरेचसे चुकीचे असते, म्हणून हे पत्र मराठी वृत्तपत्राला लिहीत आहे. खालचे नियम इंग्लंडचे आणि आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत.

या देशात रुग्णालयातला उपचार मोफत असला तरी केअर होममधला मुक्काम मोफत नाही. १९४८ च्या नॅशनल असिस्टन्स अॅक्टने काउन्सिलांना वृद्धांसाठी निवासाची जबाबदारी दिली, तेव्हाच रहिवाशाने ऐपतीप्रमाणे पैसे द्यायचे असे ठरले. त्या वेळी आठवड्याचे पेन्शन २६ शिलिंग होते. त्यातले २१ शिलिंग निवासासाठी द्यायचे आणि ५ शिलिंग हातखर्चाला ठेवायचे. आज २०१४ चा केअर अॅक्ट लागू आहे आणि हिशेब गुंतागुंतीचा झाला आहे, पण सांगाडा तोच आहे. हातखर्चाची रक्कम २०२५-२६ मध्ये आठवड्याला ३०.६५ पौंड होती. कपडे, केस कापणे, फोन, नातवंडांना वाढदिवसाची भेट, सगळे त्यातच बसवायचे. ही रक्कम अपुरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी पैशांची नसते. काउन्सिलने आधी गरजांची पाहणी करायची असते. ती मोफत असते आणि माणूस कितीही श्रीमंत असला तरी त्याला ती मागता येते. 'तुमच्याकडे घर आहे, तुमचे तुम्ही बघा' असे फोनवर सांगून पाहणी टाळणे कायद्यात बसत नाही. याच वेळी आणखी एक गोष्ट मागायला हवी आणि नेमकी तीच राहून जाते. ती म्हणजे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या 'कन्टिन्यूइंग हेल्थकेअर'ची चेकलिस्ट, म्हणजे प्राथमिक तपासणी. मुख्य गरज वैद्यकीय आहे असे ठरले, तर केअर होमचा पूर्ण खर्च एनएचएस करते आणि मालमत्तेचा प्रश्नच उद्भवत नाही. चेकलिस्टमधून पुढे गेल्यावर १२ बाबी तपासल्या जातात आणि निर्णय साधारण २८ दिवसांत यायला हवा. बहुतेकांना हे मिळत नाही, तरीही विचारणा लेखी करून ठेवावी. नर्सिंग होममध्ये परिचारिकेची सेवा लागत असेल, तर एनएचएस आठवड्याला ठरावीक पौंड (२०२५-२६ मध्ये २५४.०६) थेट होमला देते. होमच्या बिलात ते वजा झाले आहेत की नाही हे तपासावे. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ३ खाली उपचारासाठी सक्तीने रुग्णालयात ठेवलेल्या व्यक्तीला नंतर कलम ११७ खाली जी सेवा मिळते, तिच्यासाठी शुल्क घेताच येत नाही.

यानंतर आर्थिक पाहणी होते. इथे तीन पट्टे आहेत. भांडवल, म्हणजे बचत आणि मालमत्ता मिळून, २३,२५० पौंडांच्या वर असेल, तर पूर्ण खर्च स्वतःचा. १४,२५० च्या खाली असेल, तर भांडवलाला हात लागत नाही, फक्त उत्पन्नातून वाटा द्यायचा. मधल्या पट्ट्यात प्रत्येक २५० पौंडांमागे, किंवा त्याच्या अपुऱ्या भागामागे, आठवड्याला १ पौंड उत्पन्न मिळते असे धरले जाते. या मर्यादा २०१० पासून तशाच आहेत. इतक्या वर्षांत महागाई कुठल्या कुठे गेली, त्यामुळे पूर्वी ज्यांना मदत मिळाली असती अशी माणसे दरवर्षी मदतीच्या बाहेर ढकलली जात आहेत. आयुष्यभरात एका माणसाकडून जास्तीत जास्त ८६,००० पौंड घ्यायचे, अशी कमाल मर्यादा जाहीर झाली होती. ती आधी पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२४ मध्ये सरकारने रद्द केली. ती येणार या आशेवर अजूनही कोणी हिशेब मांडत असेल, तर मांडू नये.

एक उदाहरण घेऊ. भाड्याच्या घरात राहणारी विधवा, सरकारी पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड, नोकरीचे पेन्शन ६० पौंड, बचत २०,००० पौंड. बचतीतला १४,२५० च्या वरचा भाग ५,७५०, त्याला २५० ने भागले की २३. म्हणजे एकूण उत्पन्न ३१३.२५ धरले जाईल. त्यातून हातखर्चाचे ३०.६५ वजा केले की तिचा वाटा २८२.६० पौंड. होमचा ठरलेला दर ९०० असेल, तर उरलेले ६१७.४० काउन्सिल भरते. पेन्शनधारकांना काही पौंडांची एक छोटी सूट असते, ती इथे धरलेली नाही. बचत खर्च होऊन कमी झाली की हा वाटाही कमी व्हायला हवा, पण काउन्सिलला आपण कळवले तरच तो कमी होतो.

पती-पत्नींपैकी एकच केअर होममध्ये गेले, तर पाहणी फक्त त्या एकाची होते. जोडीदाराच्या नावावरच्या पैशांची चौकशी करण्याचा हक्क काउन्सिलला नाही. संयुक्त खाते निम्मे-निम्मे धरतात. म्हणून संयुक्त खात्यातून होमचे बिल भरत राहिले, तर घरी राहिलेल्या जोडीदाराची बचत विनाकारण आटते. खाती वेगळी करून घेणे योग्य आणि कायदेशीर आहे. नोकरीचे किंवा खासगी पेन्शन असेल आणि त्यातले निम्मे जोडीदाराला दिले जात असेल, तर तो निम्मा भाग हिशेबात धरत नाहीत. मुलांवर आईवडिलांच्या केअर होमचा खर्च करण्याचे कायदेशीर बंधन इंग्लंडमध्ये नाही. मुलगा अडकतो तो त्याने स्वतः सही केलेल्या करारामुळे, आणि त्याविषयी पुढे लिहितो.

राहत्या घराबद्दल गैरसमज सर्वांत जास्त आहेत. घरी येणाऱ्या मदतनिसाच्या शुल्कासाठी राहते घर कधीच मोजत नाहीत. तात्पुरत्या मुक्कामासाठीही नाही. केअर होममध्ये कायमचे राहायला गेल्यावर मात्र ते भांडवल ठरते, तेही पहिल्या १२ आठवड्यांनंतर. त्यातही घरात पती किंवा पत्नी राहत असेल, साठ किंवा त्याहून अधिक वयाचा नातेवाईक आधीपासून राहत असेल, अपंग नातेवाईक किंवा रहिवाशावर अवलंबून असलेले अठरा वर्षांखालचे मूल असेल, तर ते घर मोजायचेच नसते. आईची सेवा करण्यासाठी स्वतःचे घर सोडून आलेल्या पन्नाशीतल्या मुलीच्या बाबतीत काउन्सिलला आपल्या अखत्यारीत सूट देता येते, पण ती मागावी लागते आणि कारणे लेखी मांडावी लागतात.

घर मोजले गेले तरी ते लगेच विकावे लागत नाही. 'डिफर्ड पेमेंट अॅग्रीमेंट' करता येते. काउन्सिल घरावर बोजा नोंदवते, होमचे पैसे भरते आणि घर विकल्यावर किंवा मृत्यूनंतर ९० दिवसांत वसूल करते. २,५०,००० पौंडांच्या, कर्ज नसलेल्या घरावर १० टक्के आणि १४,२५० वजा करून २,१०,७५० पौंडांपर्यंत रक्कम साचू देतात. व्याज लागते, त्याचा दर १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, शिवाय करार करण्याचे शुल्क वेगळे. या काळात आठवड्याला १४४ पौंडांपर्यंत उत्पन्न घराच्या देखभालीसाठी हाती ठेवता येते आणि घर भाड्यानेही देता येते. यात अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे मदतीची गरज असलेल्या वृद्धांचा सरकारी भत्ताही चालू राहतो; २०२५-२६ मध्ये तो आठवड्याला कमी दराने ७३.९० किंवा जास्त दराने ११०.४० पौंड होता. काउन्सिलने खर्च उचललेल्या रहिवाशांचा हा भत्ता मात्र २८ दिवसांनी थांबतो. तो थांबवण्याची सूचना वेळेवर दिली नाही, तर जादा गेलेली रक्कम नंतर परत मागितली जाते.

आता महाराष्ट्रातल्या मालमत्तेविषयी. 'भारतातले त्यांना कसे कळणार' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अत्यंत घातक आहे. आर्थिक पाहणीच्या फॉर्मवर परदेशातली मालमत्ता जाहीर करायची असते आणि खाली सही असते. माहिती दडवल्याचे नंतर उघड झाले, तर मागील सगळ्या आठवड्यांचे पैसे कर्ज म्हणून वसूल होतात. २०२५ मधल्या विनिमय दराने २३,२५० पौंड म्हणजे साधारण पंचवीस-सत्तावीस लाख रुपये. म्हणजे कोथरूडमधला एक साधा दोन खोल्यांचा फ्लॅटसुद्धा माणसाला मदतीच्या मर्यादेबाहेर नेतो. १२ आठवड्यांची सूट फक्त राहत्या घराला आहे, पुण्यातल्या रिकाम्या फ्लॅटला नाही. त्या फ्लॅटवर काउन्सिल बोजा नोंदवू शकत नाही, म्हणून डिफर्ड पेमेंटसाठीही सहसा त्याचा उपयोग होत नाही. पहिल्या आठवड्यापासून पूर्ण बिल आणि हातात रोख नाही, अशी कोंडी होते ती इथे.

तरीही पूर्ण किंमत धरली जाईलच असे नाही. बाजारभावातून विक्रीच्या खर्चापोटी १० टक्के आणि त्या मालमत्तेवरचे कर्ज वजा होते. पैसे इंग्लंडमध्ये आणण्यावर त्या देशाचे निर्बंध असतील, तर निर्बंध काय आहेत याचा पुरावा पाहून, इथला एखादा इच्छुक खरेदीदार त्या मालमत्तेसाठी काय देईल तेवढीच किंमत धरायची असते. भारताच्या बाबतीत अनिवासी भारतीयाला एनआरओ खात्यातून, म्हणजे भारतातल्या आपल्या रुपया खात्यातून, एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. म्हणून फ्लॅटच्या बाबतीत 'पैसे आणताच येत नाहीत' हा युक्तिवाद टिकत नाही. शेतजमिनीची गोष्ट वेगळी. अनिवासी व्यक्तीकडे ती वारशाने आलेली असू शकते, पण ती फक्त भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. खरेदीदारच मर्यादित असल्याने किंमत काढताना हा मुद्दा मांडायलाच हवा.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो वडिलोपार्जित, न वाटलेल्या घरातला हिस्सा. सात-बाऱ्यावर पाच भावंडांची नावे आहेत आणि घराची किंमत एक कोटी आहे, म्हणून सरळ वीस लाख धरणे चूक आहे. नियम असा की तो हिस्सा एकटा बाजारात विकायला काढला, तर इच्छुक खरेदीदार काय देईल ती किंमत धरायची. इतर भावंडे तिथे राहत असतील आणि विकायला तयार नसतील, तर असा हिस्सा घेणार कोण? मूल्य अगदी नाममात्र, कधी शून्यही येऊ शकते. हे पटवून देण्यासाठी मूल्यांककाचा अहवाल हवा आणि त्यात 'संपूर्ण मिळकतीची किंमत' आणि 'अविभक्त हिश्शाची विक्रीयोग्य किंमत' अशी दोन वेगळी कलमे हवीत. गावाकडून येणाऱ्या अहवालात बहुधा पहिलेच कलम असते आणि काउन्सिलचा अधिकारी त्याला सरळ पाचाने भागतो. घरात साठीपुढचा भाऊ राहत असेल, तर तेही नमूद करावे.

कुटुंबाने तिकडून काय पाठवावे? सात-बारा आणि आठ-अ, शहरात मालमत्ता पत्रक, खरेदीखताची सूची क्रमांक दोन, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, वारसनोंदीचा फेरफार, सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल आणि या सगळ्यांचे इंग्रजी भाषांतर. रेडीरेकनरचा दर जोडायला हरकत नाही, पण तो मुद्रांक शुल्कासाठी असतो, बाजारभावाचा पुरावा म्हणून एकटा पुरत नाही. मुदत ठेवी, पीपीएफ, शेअर हे सगळे भांडवलात येते. आयुर्विमा पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू मात्र धरत नाहीत, पॉलिसीचे पैसे हाती आले की तेव्हापासून ते मोजतात. अंगावरचे आणि घरातले दागिने वैयक्तिक वस्तू म्हणून वगळले जातात, शुल्क टाळण्याच्या हेतूने मुद्दाम घेतले नसतील तर. फ्लॅटची किंमत भांडवलात धरली असेल, तर त्याचे भाडे पुन्हा उत्पन्न म्हणून मोजायचे नसते. ही दुहेरी मोजणी बऱ्याचदा होते, म्हणून हिशेबाचा तपशीलवार कागद मागून घ्यावा.

बक्षीसपत्राबद्दल अगदी स्पष्ट लिहितो. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेती मुलाच्या, मुलीच्या किंवा नातवंडाच्या नावे बक्षीस द्यायला मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. इतके स्वस्त असल्यामुळे आईला विस्मरण सुरू झाले की लगेच फ्लॅट मुलाच्या किंवा नातवाच्या नावे करण्याचा विचार होतो. काउन्सिल अशा वेळी दोनच गोष्टी पाहते. देते वेळी केअरची गरज लागेल हे दिसत होते का, आणि देण्यामागे शुल्क टाळणे हा एक महत्त्वाचा हेतू होता का. दोन्हींचे उत्तर 'हो' आले, तर मालमत्ता अजून आईचीच आहे असे धरून शुल्क आकारले जाते आणि ती घेणाऱ्याकडूनही फरक वसूल करता येतो. 'सात वर्षे झाली की चालते' हा नियम वारसा कराचा आहे. केअरच्या शुल्काला अशी मुदतच नाही. निदान झाल्यानंतरच्या महिन्यात नोंदवलेले बक्षीसपत्र हा कुटुंबाविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो, कारण त्यावर तारीख असते. दहा वर्षांपूर्वी, प्रकृती ठणठणीत असताना, मुलीच्या लग्नात दिलेल्या फ्लॅटची गोष्ट पूर्ण वेगळी आहे आणि तिच्याबद्दल घाबरण्याचे कारण नाही.

मुखत्यारपत्राचाही घोळ होतो. भावाच्या नावे केलेले भारतातले कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की संपते, १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २०१ तसे सांगते. इंग्लंडमधले 'लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी' समज गेल्यावरही चालते, पण पुण्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात फ्लॅट विकायला ते पुरत नाही. म्हणजे स्मृतिभ्रंश वाढल्यावर फ्लॅट विकायचा, तर भारतातल्या न्यायालयाकडून पालकत्वाचा आदेश आणावा लागतो आणि इकडे होमचे बिल चालूच राहते. फ्लॅट विकायचाच असेल, तर आईबाबांना समज आहे तोवर, योग्य भावाने आणि पैसे त्यांच्याच खात्यात जमा करून विकावा. इंग्लंडमधले मुखत्यारपत्रही तेव्हाच नोंदवून घ्यावे.

आता 'टॉप-अप'. काउन्सिल एक व्यक्तिगत बजेट ठरवते आणि त्या रकमेत किमान एक योग्य होम उपलब्ध करून देणे तिच्यावर बंधनकारक आहे. कुटुंबाने स्वतःहून अधिक महागडे होम निवडले, तरच वरचा फरक तिसऱ्या व्यक्तीने, म्हणजे बहुधा मुलाने, भरायचा. व्यवहारात उलटे होते. 'या दरात जागा नाही, मुलगा आठवड्याला १५० देईल का?' असे विचारतात आणि मुलगा सही करतो. बजेटमध्ये जागाच उपलब्ध नसेल, तर बजेट वाढवणे हे काउन्सिलचे काम आहे, टॉप-अप मागणे नव्हे. आपल्या लोकांसाठी इथे आणखी एक बाब आहे. शाकाहारी जेवण आणि मराठी किंवा निदान हिंदी-गुजराती समजणारे कर्मचारी ही गरजांच्या पाहणीत लिहिण्याची गोष्ट आहे. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली इंग्रजी आधी निसटते आणि आई मराठीतच बोलू लागते, हे पुष्कळ घरांनी पाहिले आहे. पाहणीच्या कागदावर ती 'गरज' म्हणून आली, तर तिच्याप्रमाणे बजेट ठरते. 'आवड' म्हणून आली, तर टॉप-अपचे बिल येते. अहवालाचा मसुदा मागून हा शब्द तपासल्याशिवाय सही करू नये.

स्वतःच्या पैशांनी राहणाऱ्यांना त्याच होममध्ये जास्त दर पडतो. २०१७ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने केलेल्या पाहणीत हा फरक सरासरी ४१ टक्के निघाला होता. म्हणून बचत २३,२५० च्या जवळ येऊ लागली की तीन महिने आधी काउन्सिलला लेखी कळवावे. पैसे संपल्यावर कळवले, तर मधल्या आठवड्यांची भरपाई मिळवणे फार जड जाते आणि काउन्सिलच्या दरात होम ठेवून घेईल की नाही, हा प्रश्न घाईत सोडवावा लागतो.

वेल्समध्ये केअर होमसाठी मर्यादा ५०,००० पौंड आहे आणि तिच्या खाली बचतीवर काहीच धरत नाहीत. स्कॉटलंडमध्ये २००२ पासून ६५ वर्षांवरील व्यक्तींची वैयक्तिक शुश्रूषा मोफत आहे, राहण्या-जेवणाचे पैसे मात्र लागतात. उत्तर आयर्लंडमध्ये हे काम काउन्सिलकडे नसून आरोग्य ट्रस्टकडे आहे. मुले बर्मिंगहॅमला आणि आई कार्डिफला असेल, तर आई जिथे राहते तिथले नियम लागतात. गेल्या काही वर्षांत मुलांनी आश्रित पालक म्हणून व्हिसावर आणलेल्या आईवडिलांसाठी, त्यांचा सांभाळ सरकारी निधीशिवाय करू, अशी पाच वर्षांची हमी मुलांनी दिलेली असते. त्यांनी या पत्रातला हिशेब स्वतःला लागू आहे असे परस्पर धरू नये, आधी हमीपत्राची प्रत घेऊन सल्लागाराला भेटावे.

शुल्काचा निर्णय चुकीचा वाटला, तर काउन्सिलकडे लेखी पुनर्विचार मागावा. पत्रात रक्कम, तारीख आणि कोणती बाब चुकीची धरली ते लिहावे आणि वाद नसलेला भाग भरत राहावे, म्हणजे थकबाकीचा ठपका येत नाही. काउन्सिलच्या अंतिम उत्तराने समाधान झाले नाही, तर 'लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन'कडे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकील लागत नाही. चूक लक्षात आल्यापासून १२ महिन्यांच्या आत ती करावी लागते. भारतातून मूल्यांककाचा अहवाल यायलाच दोन-तीन महिने जातात, तेव्हा तो काउन्सिलचे पहिले पत्र आले त्याच आठवड्यात मागवावा.

कळावे.
आपला,
एक वाचक, लेस्टर, इंग्लंड